टोआराच्या खडकावरचं पान

करवंटीतला कडू कावा पिऊन टाका आणि आवाज खाली ठेवा, पोरांनो. स्वतःचं पक्कं घर असताना कालमेट चुलीच्या खोपटात का झोपतो, असं विचारलंत ना? सांगतो. त्याचा थोरला भाऊ टोआरा, आपल्या गावचा प्रमुख, माझा शाळूसोबती होता. ऐकीव सांगत नाही.

टोआरा मार्चमध्ये गेला. रिवाजाप्रमाणे समुद्रातल्या त्याच्या खडकावर वर्षभर बंदी. मासेमारी नाही, पोहणं नाही. बंदीची खूण म्हणून नमेलेच्या झाडाचं पान काठीला बांधून कालमेटनंच किनाऱ्यावर रोवलं. मरणाऱ्या भावाचा हात हातात घेऊन तसा शब्द दिला होता त्यानं. मी शेजारी बसलो होतो.

जुलैत कालमेटकडे पैसे मोजून खडक बघायला सहा परदेशी पाहुणे आले. सहलवाल्यांच्या जाहिरातीत काय छापलं होतं? 'अस्पर्श निसर्ग, जिवंत संस्कृती.' अस्पर्श! आपण हात लावत नाही म्हणून अस्पर्श. आणि घरचाच माणूस तेच विकायला निघाला.

गेल्या वर्षीची बावीस जुलै, मंगळवार. अमावस्येला दोन दिवस. रात्री पावणेनऊला कालमेट पाहुण्यांना गाडीत घालून निघाला, तर टोआराची बायको लेइविया रस्त्यात आडवी उभी.

"भावोजी, तिथं पान लावलंय."

"मीच लावलंय ना, वहिनी? लावणाऱ्यानंच काढायचं, हाच रिवाज."

"वर्ष झाल्यावर! चार महिन्यांत भाऊ शिळा झाला होय?"

"पाहुण्यांना काय कळतंय त्यातलं?"

"त्यांना नाही कळायचं. त्याला कळेल."

हा हसला. गाडी बाजूनं काढली.

पुढचं कालमेटनंच मला सांगितलं. किनाऱ्यावर पान उपटलं, सीटखाली कोंबलं. पाहुणे बॅटऱ्या घेऊन मासे बघायला पाण्यात उतरले. हा काठावर.

वारा नव्हता. खडकावर लाट फुटण्याचा आवाज, जो इथं कधीच थांबत नाही... थांबला.

एक बाई धडपडत बाहेर आली.

"माझी बॅटरी विझली. तुमच्या भावानं हाताला धरून आणलं."

"कुठला भाऊ?"

"तुमच्यासारखेच दिसतात. थोराड. बोलले नाहीत काही. नुसता हात पुढे केला... काहीतरी परत मागत होते."

कालमेट गाडीकडे धावला. सीटखाली हात घातला.

ओलं. पान नाही.

पाहुण्यांना तसंच सोडून तो घरी आला. दाराला कुलूप. उघडलं. बॅटरी मारली...

उंबऱ्याच्या आत, सिमेंटच्या जमिनीत, पान रोवलेलं. काठीसकट. थेंब गळत होते. सिमेंटला चीर नाही. सकाळी मी स्वतः उंबऱ्याबाहेरून बोट फिरवून पाहिलं. ते बोट चाटलं. खारट.

कालमेट लेइवियाच्या पायाशी बसला. "वहिनी, तेवढं तुम्ही काढा."

"लावणाऱ्यानंच काढायचं, भावोजी. तुम्हीच म्हणालात."

यंदा मार्चमध्ये खडकाची बंदी उठली. डुक्कर कापलं, सगळं गाव जेवलं. कालमेटच्या घरात अजून कुणी पाऊल टाकलेलं नाही.

काल मी दारातून डोकावलो.

पान हिरवंगार आहे.