परत आलेलं झाड

ऑफिसातल्या कॉफीच्या यंत्राने त्या दिवशी एकदा बटण दाबल्यावर दोन कप भरून दिले, आणि मागे उभ्या असलेल्या उंच माणसाला तिने दुसरा कप देऊन टाकला. एवढंच निमित्त! मग रोज चार वाजता दोघांचे पाय आपसूक तिकडे वळू लागले. आपण नुसती कॉफी प्यायला जातो, असं ती घरी ताईला सांगायची. ताई मान डोलवायची, पण विश्वास काही ठेवायची नाही.

ती भाषांतरकार. माणूस संकटातून कितपत सावरतो हे मोजणारी एक परकी प्रश्नावली आपल्या भाषेत आणायची, हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम. पद्धत मोठी कडक. तिची वाक्यं दुसरा कुणीतरी, मूळ न पाहता, पुन्हा परक्या भाषेत नेणार. ती मुळाशी जुळली की काम पक्कं. तोवर हा दुसरा कोण हे तिला कळता कामा नये, आणि त्याच्याशी बोलणं तर दूरच.

एका वाक्याने तिचा जीव खाल्ला होता. मुळात होतं, 'मी वादळात वाकणारं झाड आहे.' असं कोण बोलतं आपल्याकडे? कॉफी पिताना तिने ही तक्रार केली, तेव्हा तो इतका हसला की कॉफी बाहीवर सांडली. शेवटी तिने झाडच उडवलं आणि साधं लिहिलं, 'काहीही झालं तरी मला सावरता येतं.'

पुढे एक दिवस या कामाच्या प्रमुख बाई खुशीत आल्या. सगळं जुळलं होतं, झाडसुद्धा! तिने मात्र आपला कागद पुन्हा काढून पाहिला. तिच्या वाक्यात झाड नव्हतंच... आणि त्याच्याबद्दल ती एकाच माणसाशी बोलली होती.

चार वाजता तिने त्याला गाठलं. "उलट भाषांतर तुमचं?"

तो गोरामोरा झाला. "तिसऱ्या वाक्यालाच कळलं, हे तुमचं आहे. तुम्ही बोलता तसंच होतं. तेव्हाच बाईंना सांगायला हवं होतं, पण... वाचत राहावंसं वाटलं. झाड कधी शिरलं, शप्पथ, कळलं नाही."

राग यायला हवा होता, तो आला नाही. पण शाबासकी गिळून गप्प बसणंही तिला जमणारं नव्हतं. खोट्या जुळणीवर कुणाचं मन मोजायचं? ती तडक बाईंच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाईंनी कपाळाला हात लावला, शाबासकी परत घेतली आणि उलट भाषांतर नव्या माणसाकडे सोपवलं.

ती बाहेर आली तर तो दोन कप घेऊन दाराशीच उभा.

"तुम्हाला या कामावरून काढलंय," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

"बरं केलंत. तुम्ही गेला नसतात तर मी गेलो असतो." त्याने कप पुढे केला, मग थबकला. "पण आता... आपण बोललेलं चालेल?"

"कामावरच्या माणसाशी बोलायचं नाही, एवढाच नियम आहे." तिने कप धरला, त्याच्या बोटांसकट. "तुम्ही आता कामावर कुठे आहात? मला तुम्ही आवडता. आणि याचं उलट भाषांतर नकोय, उत्तर हवंय."

"मलाही तू..." तो म्हणाला, आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं हे त्याला कळलंच नाही. या वेळी कॉफी दोघांच्याही बाहीवर सांडली.