आगबोटीला दिलेला हुकूम

हिमानी दाभाडकर कुठलाही रिपोर्ट तीनदा वाचल्याशिवाय सही करत नसे. सनीव्हेलमध्ये चिप टेस्टिंगच्या कामात अठरा वर्षं गेली होती, त्यामुळे सवयच लागली होती. धाकट्या बहिणीच्या, अंतराच्या मृत्यूचा रिपोर्ट आला, तोही तिनं तीनदा वाचला. फोर्ट ब्रॅगच्या किनाऱ्यापासून चार मैलांवर, नव्वद फूट खोल पाण्यात ‘एलिनॉर ग्रे’ नावाची आगबोट बुडालेली आहे. तिथं डायव्हिंग करताना, रिपोर्टच्या शब्दांत, ‘घाबरून दिशा चुकल्यामुळे’ अंतरा गेली.

“अंतरा आणि घाबरून?” ती नकुलला म्हणाली.

नकुल पुण्याचा, पस्तिशीचा, मोजकं बोलणारा. अंतराचा डायव्हिंगमधला जोडीदार. त्या दिवशी पाण्यात तिच्याबरोबर तोच होता.

“नव्हती घाबरली, ताई. मला हात करून आत गेली. काहीतरी काम आठवल्यासारखी. मी सगळ्यांना सांगितलं. कोणी लिहूनच घेतलं नाही.”

उलट त्यानंच तिला सोडून पळ काढला, असं लोक त्याच्या पाठीमागे बोलायचे. मनोहरकाका मुद्दाम हिमानीच्या घरी आले आणि म्हणाले, “आता लेट गो कर बाळा. नागपूरला आईला काय सांगायचं ते सांगून झालंय.” हिमानीनं काकांना चहा दिला, दारापर्यंत सोडलं, आणि परत येऊन थंड पाण्यातल्या डायव्हिंगच्या कोर्सला नाव नोंदवलं.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या दोन गोष्टी तिनं काकांना सांगितल्या नव्हत्या. अंतराच्या टाकीत निम्मी हवा शिल्लक होती. आणि तिच्या दोन्ही तळव्यांवर फोड होते. त्या समुद्राचं पाणी बाराही महिने बर्फासारखं असतं. रिपोर्टमध्ये यातलं काहीच नव्हतं.

सव्वा वर्षानं, सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी, ती आणि नकुल बंदरातून निघाले. बोट डोरीन नावाच्या साठीच्या बाईची होती. अपघातानंतर तिनं कोणालाच तिथं नेलं नव्हतं.

“वीस मिनिटं,” नांगर टाकताना डोरीन म्हणाली. “आत जायचं नाही.”

“आत काय आहे?” हिमानीनं विचारलं.

“इंजिनवाले. भट्टीत फावड्यानं कोळसा टाकणारी अकरा माणसं. एकोणीसशे बाराची गोष्ट. धुकं होतं, बोट खडकावर आदळली. कप्तान पहिल्या होडीत बसून निघून गेला. खालच्यांना थांबा म्हणून कोणी सांगितलंच नाही.”

पाण्यात शिरताच गालांवर सुया टोचल्यासारखं झालं. खाली हिरवा अंधार होता. नांगराच्या दोराला धरून दोघं उतरत गेली, आणि हळूहळू बोट दिसू लागली. ती एका कुशीवर कललेली होती. तिच्या अंगावर फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे पांढरे समुद्री जीव चिकटलेले होते. कप्तानाची केबिन कोसळून गेली होती, पण तिथला टेलिग्राफ उभा होता. म्हणजे कमरेएवढा पितळी खांब, वर तबकडी, बाजूला हँडल. कप्तान हँडल फिरवायचा, खाली इंजिनरूममध्ये घंटा वाजायची आणि खालच्यांना हुकूम कळायचा. काटा ‘फुल अहेड’वर, म्हणजे ‘पूर्ण वेगानं पुढे’वर होता. हिमानीनं आधारासाठी हँडल धरलं. ते खडकात रुतल्यासारखं घट्ट होतं, आणि त्याला खाली जोडणारी साखळी केव्हाच गंजून तुटली होती.

खांबामागे डेकमध्ये चौकोनी काळं भोक होतं. इंजिनरूमचा झरोका. अंतरा त्याच्या आत सापडली होती.

सुरक्षेसाठी आणलेल्या दुसऱ्या दोराचं एक टोक नकुलच्या पट्ट्याला होतं, रीळ हिमानीच्या हातात. तिनं आत टॉर्च मारला. एक लोखंडी शिडी खाली गेलेली दिसली. सगळ्या बोटीवर बोटभर जाडीचं शेवाळ होतं. शिडीच्या पायऱ्या मात्र स्वच्छ होत्या, मधोमध झिजून चकाकणाऱ्या.

मग गाल दुखायचे थांबले. भोकातून कोमट पाणी वर येत होतं. तिनं मनगटावरचा डायव्हिंगचा कॉम्प्युटर पाहिला. पन्नास अंश फॅरनहाइट. एकसष्ट. अडुसष्ट.

पाठोपाठ ठोका आला. तो कानांना ऐकू येत नव्हता, बरगड्यांत जाणवत होता. आपलंच काळीज असेल म्हणून तिनं मानेवर बोटं ठेवून पाहिलं. काळीज कितीतरी जोरात धावत होतं. हा ठोका सावकाश होता, जड आणि एकसारखा.

ती नकुलकडे वळली. तो हातमोजे काढत होता.

त्यानं ते नीट जोडून डेकवर ठेवले. मास्कमागचा त्याचा चेहरा शांत होता, वेळेवर ऑफिसला पोचलेल्या माणसासारखा. त्यानं तिला हात केला आणि शिडीवरून एकेक पायरी खाली उतरू लागला.

अंतरा अशीच गेली होती. हिमानीला ते कळलं आणि भीतीच्या आधी संताप आला.

तिनं दोर ओढला. तिच्याहून जास्त जोरानं तो आतून ओढला गेला. ती भोकाच्या काठापर्यंत फरफटली.

तिनं एका हातानं पितळी खांबाला मिठी मारली. ठोका वाढत होता. दोर तिच्या मुठीतून सरकत होता.

‘नाही,’ ती तोंडातल्या नळीत ओरडली. ‘हा मिळणार नाही.’

मोकळ्या कोपरानं तिनं हँडल रेटलं.

ते फिरलं. त्याच सकाळी तेल घातल्यासारखं.

स्टॉप.

घंटा वाजली. ठोका थांबला. पाणी पुन्हा गार झालं आणि दोर सैल पडला. थोड्या वेळानं नकुल भोकातून वर आला, स्वतःच्या उघड्या हातांकडे बघत.

वर बोटीत डोरीननं त्याचा सूट उतरवला, तेव्हा तो घामानं निथळत होता.

“मला वाटलं, मला उशीर झालाय, ताई,” तो म्हणाला. “सगळे माझी वाट बघतायत.”

हिमानीनं त्याला ब्लँकेट दिलं, आणि मग कागद-पेन. “हेच लिही. असंच्या असं. खाली मी सही करते, डोरीन करेल. रिपोर्टमधून ‘घाबरून’ हा शब्द निघेपर्यंत मी त्या ऑफिसच्या दारातून हलणार नाही.”

“हसतील आपल्याला.”

“हसू देत. आधी लिही.”

डोरीन अजून नांगराला हात लावत नव्हती. “घंटा तू वाजवलीस?” तिनं विचारलं.

“हो.”

“किती वेळा?”

“एकदाच. का?”

“लगेच दुसरी झाली. ती खालची. हुकूम मिळाला की खालून तशी पोच देतात.” डोरीननं पाण्याकडे पाहिलं. “तुम्ही दोघं बोटीची शिडी चढत होता, तेव्हा आणखी एक झाली.”

“ती कशासाठी?”

“पुढचा हुकूम विचारत असतील. वर कोणीतरी आहे, हे आता त्यांना कळलंय.”

हिमानीनं केस पिळले. “विचारू देत. मी एकदा सांगितलंय, थांबा. दुसरं काही सांगणार नाही.”

बंदरात पोचेपर्यंत सकाळचं धुकं विरलं होतं. धक्क्यावर सील ऊन खात पडले होते, लोक तळलेली मासळी खात उभे होते. डोरीननं बोट बांधली आणि इंजिन बंद केलं.

सगळं शांत झाल्यावर, त्यांच्या पायांखालच्या फळ्यांच्या खालून, घंटा एकदाच वाजली. अगदी अदबीनं.