बंद खोलीतला कूलर

माझा धाकटा भाऊ जन्मला ते साल २०६८. आई बाळंतपणाला आजोळी गेली होती, आणि बाबांची बदली चंद्रपूरजवळच्या सौरशेतावर (उन्हापासून वीज तयार करण्याच्या जागेवर) झाली होती. मी अकरा वर्षांची. सततच्या बदल्यांमुळे शाळा अशी झालीच नव्हती, वाचता येत नव्हतं. नव्या वसाहतीत दिवसभर मी आणि माझा कुत्रा गबरू, दोघंच. शेजारी कोण राहतं तेही ठाऊक नव्हतं.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर सत्तेचाळीस अंश. खोलीच्या मधोमध कालच आणलेला कूलर जोरात चालू होता, टाकी भरलेली होती. तरी गबरू फरशीवर पसरून धापा टाकत होता. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर शेपटीही हलेना. कूलर चालू असून खोली गार का होत नाही, ते मला कळेना.

बाबांचा फोन सौरशेतावर लागत नसे. भिंतीवर पुसणीपेटी होती. तिच्यापुढे घरातली अडचण बोलली, की ती कुठल्यातरी रिकाम्या बसलेल्या अनोळखी माणसाशी जोडून द्यायची.

पहिल्या माणसाने दही घाल म्हणून सांगितलं. मग एका बाईंनी विचारलं, "कुठल्या जातीचा?"

"गावठी."

"मग काही होत नाही त्यांना," म्हणून त्या गेल्या.

तिसरा आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. "मी शेवंताबाई कुळमेथे. बोल पोरी."

मी सगळं सांगितलं. पलीकडे शांत. मला वाटलं, ह्याही गेल्या.

"आहे मी. चंद्रावरच्या तळावरून बोलते. माझा आवाज तुझ्याकडं यायला सव्वा सेकंद, तुझा इकडं यायला तेवढाच. खिडक्या उघड्या आहेत?"

"सगळ्या बंद! गारवा बाहेर जाईल ना. बाबांनी सांगितलंय."

"काहून बाप्पा?"

"आधीच्या घरी एसी होता. तिथे बंदच ठेवायचो."

त्या हसल्या. "एसीवाल्यांचा कूलर! माठातलं पाणी पिऊन पाहा."

पाणी कोमट होतं. परवापर्यंत गार असायचं.

"आता ऐक. पाण्याचं बाष्पीभवन (वाफ होऊन हवेत जाणं) होतं, तेव्हा ते उष्णता घेऊन जातं. माठ तसाच गार होतो, कूलरही तसाच हवा गार करतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, म्हणून तो जिभेवरचं पाणी उडवतो. पण भरलेल्या एसटीत आणखी माणूस चढेल का? तुझ्या खोलीतली आर्द्रता (हवेतला ओलावा) इतकी वाढली, की पाण्याला जायला जागाच नाही. कूलर, माठ, गबरू, तिघंही अडकले."

"मग काय करू?"

"कूलर ढकल खिडकीशी. पाठ बाहेर, तोंड आत. समोरचं दार उघड. कोरडी हवा येईल, ओली जाईल."

"बाबा रागावतील."

"बाबाला माझं नाव सांग. आधी खिडकी!"

खिडकी उघडली तशी भट्टीसारखी झळ तोंडावर आली. चूक केली, असंच वाटलं. तरी कूलर ढकलला, दार उघडलं. त्यांनी सांगितलं तसं गबरूच्या पोटाला आणि पायांना साधं पाणी लावलं. हळूहळू वारा गार झाला. बऱ्याच वेळाने गबरूने मान उचलली आणि भांड्यातलं पाणी चाटलं. मी रडले.

"संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरला दाखव बरं," त्या म्हणाल्या.

"तुमच्याकडे कुत्रा आहे?"

या वेळी उत्तराला अडीच सेकंदांहून जास्त वेळ लागला.

"नाही. इथं खिडकीही उघडता येत नाही, बाहेर हवाच नाही. तू उद्या विचारशील काही? काहीही चालेल."

पेटीला त्यांचं नाव सांगून मी सहा वर्षं त्यांनाच विचारत राहिले. साखरेतल्या मुंग्या, करपलेलं पातेलं, गबरूच्या कानातले गोचीड.

अक्षरं मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकले. आता त्या पेटीवर मीच उत्तरं देते. काल मंगळावरच्या एका मुलाने विचारलं, बंद घुमटातली त्याची कोथिंबीर का कुजते. माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचायला बारा मिनिटं, त्याचं परत यायला बारा. मी पेटीपाशीच बसून राहिले.

शेवंताबाई कुळमेथे २०७४ च्या चैत्रात चंद्रतळावर वारल्या. गबरू त्याच वर्षी आषाढात गेला.