दहा पापड

चांद्रवसाहतीच्या भिंतीवर बाहेरून वाटाण्याएवढा उल्काखडा आदळला. बाहेर जेमतेम खळगा पडला. पण आतल्या बाजूने पोलादाची एक चकती उडाली आणि थेट ओमूच्या पाळण्यात घुसली! नशीब, तेव्हा ओमू आईच्या कडेवर होता.

"भिंत आरपार फुटलेली नाही," यंत्रमानव ठोक्या भिंत ठोकून म्हणाला. "मग चकती सुटली कशी?"

कोडं सुटेपर्यंत आई आणि ओमूला पुढच्या यानाने पृथ्वीवर धाडायचं ठरलं. अकरा वर्षांच्या कस्तुरीचा जीव कासावीस झाला. तिचा हा धाकटा भाऊ आत्ता कुठे तिला ओळखून हसायला लागला होता.

भिंत बांधली होती तिच्याच आजोबांनी. ते धातुशास्त्रज्ञ होते.

"जाड म्हणजे मजबूत, असं धरून चाललो. तिथेच माती खाल्ली," ते म्हणाले. त्यांनी कॅरमच्या पाच सोंगट्या एकमेकींना चिकटवून ओळीत मांडल्या आणि सहावी टिचकीने आपटली. मधल्या जागच्या जागी राहिल्या, शेवटची तेवढी सुटली.

"धातूतही असंच. दाबाची लहर (एका कणाने पुढच्याला दिलेली ढकल) धावत जाते. मागच्या पृष्ठभागापुढे ढकलायला कोणीच नसतं. मग तीच लहर ओढ होऊन उलटी फिरते. आपलं पोलाद दाब सोसतं, पण ओढ जास्त झाली की फाटतं."

"म्हणून चकती आतून सुटली! आजोबा, मध्ये हा जाडोबा घालू?" कस्तुरीने ओळीत स्ट्रायकर बसवला. आता शेवटची सोंगटी हळू गेली आणि पहिली चक्क मागे सरकली.

आजोबा ताडकन उठले. "अगं, त्याने थोडी ढकल परत पाठवली! वेगळा धातू भेटला की लहरही अशीच वाटली जाते. प्रत्येक सांध्यावर थोडी मागे, थोडी पुढे. जितके सांधे, तितकी ती विखुरते."

ठोक्याने पोलाद आणि अॅल्युमिनियमचे आलटूनपालटून आठ थर जोडले. कस्तुरीने त्या थरांमागे भाजलेला पापड टांगला. आधी जुन्या भिंतीच्या तुकड्यावर छर्रा झाडला, तेव्हा मागच्या पापडाचा भुगा झाला होता. नव्यावर दहा छर्रे झाडले, दरवेळी नवा पापड लावून. दहाही शाबूत! कस्तुरीने एक मोडून तोंडात टाकला.

"पुरावा खाऊ नका!" ठोक्या ओरडला.

यान दोन जागा रिकाम्या ठेवून गेलं. पुढे मंगळावरही अशाच भिंती उभारायचं ठरलं.

नव्या भिंतीशी पाळणा सरकवताच ओमूने खुळखुळा तिच्यावर दाणकन हाणला.

"हाण रे," कस्तुरी हसत म्हणाली, "बिनधास्त हाण."