नाळेचं रक्त न्यायला येणारा

प्रसूतिगृहाच्या दारातच तो राजश्रीला धडकला... म्हणजे खरं तर तीच त्याला धडकली, पण हे ती अजून कबूल करत नाही. त्यानं आधी हातातली पेटी सावरली, मग तिला.

"सिस्टर, नाळेतलं रक्त न्यायला आलोय. दौंडहून. मी संघर्ष."

"नाव संघर्ष, आणि चेहरा असा हसरा?"

"तुम्ही असं बघितल्यावर काय रडू?"

अगं बाई! शिरूरच्या त्या दवाखान्यात ती पाच वर्षं नर्स होती. असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. बाळ जन्मलं, नाळेतलं रक्त पिशवीत भरलं, पिशवी पेटीत ठेवली, आणि तो पुण्याच्या लॅबकडे गेलासुद्धा.

पुढं आजारपणात उपयोगी पडेल म्हणून ते तिथं गोठवून ठेवतात. ज्यांनी आधी नोंदणी केली, त्यांचंच रक्त तो न्यायचा. कधी आठवड्यात दोनदा यायचा, कधी दीड महिना नाहीच. दौंड काही परदेश नव्हे, पण कारणाशिवाय फोन कसा करायचा? मग राजश्री पोटुशी बायकांच्या तारखा बघत बसायची. जीव नुसता टांगणीला.

अशात कवठे येमाईच्या भामाबाई आल्या. सोबत आठवा महिना लागलेली सून पूनम, आणि कडेवर तीन वर्षांची नात अपेक्षा. ही पोर जन्मताना उशिरा रडली, मेंदूला इजा झाली. अजून बसवलं की कलंडायची.

"ह्या बाळाच्या नाळंचं रक्त दिलं, तर आमची अपेक्षा चालंल का बाई?" भामाबाईंनी विचारलं.

राजश्रीला ठाऊक होतं — ह्या उपचाराच्या अजून चाचण्याच चालल्यात. काही मुलांना थोडा फरक पडतो, काहींना काडीचाही नाही. पण नोंदणी झाली की तो येणार...

"चालेल की, आजी," ती बोलून गेली.

पुढच्या आठवड्यात नोंदणीची सही घ्यायला संघर्ष आला, तिच्याकडे बघून हळूच हसला. तेवढ्यात भामाबाईंनी पिशवीतून लाल बूट काढले. "जत्रंतनं आणलं. पीं पीं वाजत्यात बघा. पोर चालाया लागली म्हंजी कळंल, कुठं पळाली ती." आणि त्या अपेक्षाच्या लुळ्या पायांत बूट चढवायला लागल्या.

राजश्रीला ते बघवेना. खरं सांगितलं तर हे लोक जातील, आणि तोही.

"आजी... मी खोटं बोलले. चालेल असं कुणीच सांगू शकत नाही."

"मग का बोललीस?"

तिनं मान खाली घालून संघर्षकडे बोट केलं. "हे... हे यावेत म्हणून."

"तुझ्या पिरमापायी माझीच नात घावली व्हय गं?" भामाबाई कडाडल्या.

संघर्षचा चेहरा उतरला. त्यांच्यासमोर उकिडवा बसून त्यानं सगळं नीट सांगितलं — गुण येईलच असं नाही, रक्त जुळायला हवं, व्यायाम काही सुटणार नाहीत. भामाबाई सही न करू देता सुनेला घेऊन निघून गेल्या. तोही गेला, राजश्रीकडे न बघता.

महिनाभर ना फोन, ना निरोप. राजश्री रडायची, स्वतःलाच शिव्या घालायची. तो हवा होता तिला. बस्स, हवा होता.

मग एका दुपारी पूनमला कळा सुरू झाल्या, आणि मागोमाग संघर्ष हजर! पूनमनंच त्याला फोन करून बोलावलं होतं, सही दिली होती. "अपेक्षा नुसती बसली तरी लई झालं," कळ ओसरल्यावर ती राजश्रीला म्हणाली. "खरं कळलं, तवा ठरवलं मी."

मुलगी झाली. नाळ अंगणात पुरायला भामाबाईंनी मागून घेतली. रक्त पेटीत गेलं.

दारात तो थांबला. "त्या दिवशी तुम्ही स्वतःहून खरं बोलला नसतात, मला ते मागाहून कळलं असतं ना... तर आज मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं."

"मग महिनाभर एक फोन नाही?"

"राग होता. आणि... रोज तुमचा नंबर काढून नुसता बघत होतो."

तिला वाटलं, हात धरून बसवावं ह्याला. पण रक्त वेळेत पोचायला हवं होतं.

"निघा," ती म्हणाली. "रविवारी मीच येते दौंडला. आता कुणाच्या बाळंतपणाची वाट बघायची नाही मला."