डावी बाजू

विजया दामले त्या सकाळी घरातून निघाली ती दोन ट्रान्झिस्टर आणायला. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दिल्लीच्या हवेला अजून करपट वास येत होता आणि दहा वाजून गेले तरी सूर्य धुरात मळकट दिसत होता.

मेट्रोत बसायला जागा मिळाली, तरी तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून ती निवृत्त झाली होती, करोल बागेत एकटी राहायची, आणि गेली अकरा वर्षं ती रागात होती. एवढा राग माणूस रोज कसा काय वागवतो, असं शेजारीपाजारी म्हणायचे. तिला त्याचं ओझं वाटत नसे. उलट त्या रागानेच आपण ताठ उभ्या आहोत, असं तिला वाटायचं.

राग होता थोरल्या भावावर, पद्माकरदादावर.

अकरा वर्षांपूर्वी फरिदाबादला दादाच्या घरी आई वारली. त्या दुपारपासून संध्याकाळपर्यंत विजया कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा घेत होती. चाळीस विद्यार्थी साक्षीला होते. रात्री घरी पोचते तो दादाचा फोन: "विजू, आईला तशी टाकून कुठे निघून गेलीस? सगळं आटोपलंसुद्धा आमचं." ती आलीच नव्हती. तिला कुणी कळवलंच नव्हतं. पण दादा तेराव्याला चार लोकांत शपथेवर सांगत राहिला, विजू आली होती, आईच्या उशाशी बसली होती. बहिणीला बोलवायचं राहिलं, ते झाकायला सख्खा भाऊ असलं खोटं बोलतो! त्या दिवशी तिने त्याच्या घराचा उंबरा सोडला, तो कायमचा. या उन्हाळ्यात तो गेला, तेव्हाही ती फिरकली नाही.

आणि आता त्याच्या बायकोने, सुनेत्रावहिनीने, टेंपोतून तो अॅम्प्लिफायर पाठवून दिला होता. दोघं भावंडं कॉलेजात असताना त्यांनी मिळून जुना घेतलेला, जपानी, लाकडी खोक्यातला. सोबत चिठ्ठी: 'विजू, आई गेल्या त्या संध्याकाळी याची डावी बाजू बंद पडली. तेव्हा हा आईंच्याच खोलीत होता. नंतर ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी म्हणाले, विजूला द्या. डावी बाजू सुरू झाली की तिला कळेल, मी खोटं बोललो नव्हतो.'

चिठ्ठी तिने चुरगाळून फेकली. अॅम्प्लिफायर मात्र फेकवेना. उघडून पाहिलं तर डाव्या बाजूचे, त्या स्पीकरला आवाज पोचवणारे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर जळाले होते. बाकी सगळं ठणठणीत.

जुन्या दिल्लीच्या बाजारात दोन दुकानं पालथी घातल्यावर तिसऱ्याने काउंटरवर एक जोडी ठेवली. "ओरिजिनल है मॅडम, बिल्कुल."

विजयाने पर्समधून नेलपॉलिश काढायची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि ट्रान्झिस्टरवर घासला. छापलेला नंबर बोळ्यावर आला.

"ये ओरिजिनल है? शर्म नहीं आती?"

सगळी गल्ली वळून बघायला लागली. दुकानदाराने हात जोडले आणि पानिपतच्या एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. पूर्वी लग्नात लाउडस्पीकर लावायचा, त्याच्याकडे असलं जुनं सामान पडून आहे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती पानिपतला गेली. म्हाताऱ्याने एका मेलेल्या अॅम्प्लिफायरमधून तिच्यादेखत जोडी काढली, कागदात गुंडाळली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "बहनजी, इतना ग़ुस्सा किसके लिए?"

"भाई के लिए."

"ज़िंदा है?"

"नहीं."

त्याने पुडी तिच्या हातावर ठेवली आणि नजर वळवली.

तिसऱ्या दिवशी, दुपारचं जेवण उरकून, ती कामाला बसली. बाहेर दोनलाच तिन्हीसांजेसारखं वाटत होतं. खोलीत सोल्डरच्या राळेचा आणि तापलेल्या धुळीचा वास भरला. तिने नवी जोडी बसवली, टाके तपासले, आणि शॉर्ट असेल तर कळावं म्हणून वायरीत मध्ये एक बल्ब घालून बटण दाबलं. बल्ब क्षणभर पेटला, मंदावला. छान. दोन्ही स्पीकर जोडले. गाणं लावायला अजून काहीच जोडलेलं नव्हतं, त्यामुळे आवाज यायचं कारण नव्हतं.

उजवा स्पीकर गप्प होता.

डाव्यातून पंख्याची टकटक ऐकू आली. हळू, लंगडत फिरणाऱ्या पंख्याची. विजयाने वर पाहिलं. तिचा पंखा बंद होता. मग चमचा पेल्यावर वाजला. मग कुणाचा तरी श्वास... घरघरता, ओढून घेतलेला. तो श्वास तिने ओळखला. लहानपणी ती त्या दम्याच्या आवाजाशेजारी झोपत असे.

"आई, विजू आलीय बघ." दादाचा आवाज. "तू बस गं हिच्याजवळ. मी डॉक्टरांना घेऊन येतो."

"नाटकं!" विजया ओरडली. "मेल्यावरसुद्धा खोटंच बोलतोस?"

आणि तेवढ्यात स्पीकरमधून उत्तर आलं.

"आले गं आई."

तो विजयाचा आवाज होता. तिचाच. 'गं'वर किंचित रेंगाळणारा.

तिने प्लग उपसून काढला. अॅम्प्लिफायरच्या पोटात वीज साठलेली असते, प्लग काढल्यावरही आवाज दोन-तीन सेकंद राहतो, मग विरतो, हे तिने शेकडो मुलांना शिकवलं होतं. तिने मनात आकडे मोजले. पाच. दहा. वीस.

"एवढा उशीर, विजू?" आई म्हणाली.

"आता नाही जात."

पंखा टकटकत राहिला. बराच वेळ. मग आईचा आवाज, अगदी बारीक...

"हात किती गार गं तुझे..."

घरघर वाढली.

"तू... तू विजू नाहीस."

फट्! डाव्या बाजूने ठिणगी उडाली, जळका वास आला आणि सगळं शांत झालं.

विजयाचा अकरा वर्षांचा राग तसाच होता, फक्त त्याला आता दादा सापडत नव्हता. दादाने जे पाहिलं तेच सांगितलं होतं. आणि त्या विजूच्याच भरवशावर आईला ठेवून तो डॉक्टरांकडे धावला होता. मग तिथे आईजवळ बसलं होतं कोण? कुणाची हिंमत झाली माझा आवाज घ्यायची?

तिने वहिनीला फोन लावला. तीन दहा झाले होते.

"वहिनी, मी विजू बोलतेय. दादा खरं बोलत होता..."

पलीकडे नुसता धाप लागलेला श्वास. या धुरात वहिनीची छाती भरायचीच. "कोण बोलतंय?"

"मी! विजू!"

"काहीतरीच काय... विजू इथे बसलीय माझ्याजवळ. अर्धा तास झाला. मला बरं नाही कळल्यावर धावत आली बिचारी. अकरा वर्षांनी..." वहिनीच्या आवाजात रडू होतं, आनंदाचं.

"वहिनी, ऐका. शेजारी हाक मारा. आत्ता! ती मी नाही... तिचे हात बघा, वहिनी..."

फोनमध्ये काहीतरी सरकलं. मग, अगदी जवळून, विजयाच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "ठेवा तो फोन, वहिनी. दमाल." त्या आवाजात राग अजिबात नव्हता.

फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

ती मिळेल त्या टॅक्सीने निघाली. धुरात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि ती ड्रायव्हरवर, सिग्नलवर, स्वतःवर ओरडत होती. सोसायटीच्या फाटकातून गार्डला न जुमानता आत शिरली, चार मजले चढून गेली. दार उघडंच होतं. आत शेजारची माणसं जमली होती. सुनेत्रावहिनी पलंगावर शांत पडल्या होत्या, पायांवर नीट चादर ओढलेली.

शेजारच्या अलकाताईंनी पुढे होऊन तिचे हात धरले. "पाणी आणायला गेला होतात ना? तुम्ही हाक मारलीत म्हणून आम्ही आलो हो. पण शेवटपर्यंत जवळ होतात, तेवढं तरी बरं झालं."

'मी नव्हते,' हे शब्द विजयाच्या ओठांवर आले. सगळे तिच्याकडे कणवेने बघत होते. अकरा वर्षांपूर्वी याच घरात ती हेच किंचाळली होती आणि एकाचाही विश्वास बसला नव्हता. तिने दात इतके आवळले की जबडा दुखायला लागला.

संध्याकाळी वहिनींना नेलं. स्मशानातून परतल्यावर ती घर बंद करायला सोसायटीत आली, तसा गार्ड रजिस्टर घेऊन पुढे आला. "मॅडम, दोपहर में आप भागती हुई अंदर चली गईं, एंट्री रह गई."

तिने पेन घेतलं. पान उघडलं. वर चौथ्या ओळीत नाव लिहिलेलं होतं: विजया दामले, फ्लॅट ४०२. आल्याची वेळ दोन चाळीस. सही तिची होती, शेवटच्या अक्षराखाली ओढलेल्या रेघेसकट.

गेल्याची वेळ लिहायची जागा कोरी होती.