तपासून परत दिलेलं आमंत्रण

वेनपूला ते पत्र तोंडपाठ होतं. जवळ मात्र नव्हतं. आलेल्या पत्राचं जे जगात कुणी करत नाही ते त्यानं केलं होतं... लाल शाईनं तपासून ते जिचं तिला परत दिलं होतं. खाली शेराही लिहिला होता : 'छान. वाक्यं सुटसुटीत झाली आहेत.' उत्तर तेवढं दिलं नव्हतं.

आता नव्या वर्षाचा सण तोंडावर आला होता. लायब्ररीच्या दारावर लाल कागद लागले होते. आणि परदेशी पुस्तकांच्या विभागात दुआन वेनपू एक कोरा कागद पुढे ओढत होता, मागे सारत होता.

सुरुवात झाली ती छ्वेहू तळ्यावर.

कुनमिंगमधले इंग्रजीचे हौशी रविवारी सकाळी तिथं जमत. वाकडातिकडा दगडी पूल ओलांडला की एक आठकोनी मंडप होता. तिथं चिनी बोलायचं नाही, असा नियम. चुकून कुणी बोललाच, तर फांग नावाचे एक निवृत्त शिक्षक काही न बोलता पुलाकडे बोट दाखवत. मग त्यानं पुलाबाहेर जायचं, पोटात साठलेलं चिनी काय ते बोलून घ्यायचं, आणि परत यायचं. मंडपात सगळे एकमेकांना तेच तेच विचारत. आपलं नाव काय, आपण काय करता, आपण विवाहित आहात काय. उत्तरं कुणी मनावर घेत नसे. सराव तो सराव.

वेनपू दर रविवारी जायचा आणि कठड्यापाशी पुस्तक उघडून बसायचा. जाडजाड इंग्रजी कादंबऱ्या तो शब्दकोशाशिवाय वाचत असे, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. त्या शहरात असे पुष्कळ होते. डोळ्यांना इंग्रजी येतं, तोंडाला येत नाही. लोक त्याला मुकी इंग्रजी म्हणत. वेनपूला हे नाव अगदी आपल्यासाठीच काढल्यासारखं वाटे.

त्या रविवारी भुरभुर पाऊस आला आणि सगळे मंडपात दाटीवाटीनं उभे राहिले. वेनपूच्या शेजारी एक तरुणी येऊन टेकली. एका हातात पाखरांसाठी आणलेला पाव, दुसऱ्या हातात हॉटेलातल्या वाक्यांची चोपडी. थंडीचे पाहुणे म्हणून आलेले पांढरे पाणपक्षी कठड्यावर घिरट्या घालत होते, आणि ती त्यांनाच वाचून दाखवावं तशी गात होती, "सुप्रभात महोदय, आपली उठण्याची वेळ झाली आहे..."

आवाज असा की झोपलेल्यालाही उठावंसं वाटेल. पण एक शब्द ती दर वेळी चुकीचा म्हणत होती. वेनपूनं पहिल्यांदा सोसलं. दुसऱ्यांदाही सोसलं. मग त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं तो शब्द फोडून लिहिला आणि कागद हळूच तिच्याकडे सरकवला.

तिनं कागदाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"मुके आहात का?" तिनं सरळ चिनीतच विचारलं.

"हो," वेनपू म्हणाला.

"हे तर तोंडानं सांगितलंत."

फांग गुरुजी खाकरले. त्यांचं बोट पुलाकडे गेलं होतं.

दोघांना भर पावसात उठावं लागलं. पुलापलीकडे एक बाई कोळशावर तांदळाच्या पोळ्या भाजत होती; तिच्या ताडपत्रीखाली जेमतेम दोन माणसं मावत. ती दोघं मावली.

"माझ्यामुळे भिजलात," ती म्हणाली. "मी मू सूयुन. हॉटेलच्या टेलिफोनवर असते. तिखट घालू का तुमच्या पोळीला?"

"थोडं."

"थोडं म्हणजे नको, की थोडं म्हणजे थोडं?"

वेनपूनं बोटाच्या पेरावर माप दाखवलं. ती हसली, आणि हसताना तिनं पोळीचा वाफाळता घास एका गालातून दुसऱ्या गालात नेला, ते त्याला उगीचच लक्षात राहिलं.

"परीक्षा आहे मला," ती सांगू लागली. "पास झाले तर काउंटरवर घेतील. नाहीतर जन्मभर त्या कपाटाएवढ्या खोलीत, कानाला यंत्र लावून. बोलायला मला काही वाटत नाही. पण वाचायला आणि पत्र लिहायला सांगितलं की... तुम्ही काय करता?"

"लायब्ररीत असतो."

"वाटलंच. मग असं करू. तुम्ही मला लिहायला शिकवा, मी तुम्हाला बोलायला शिकवते."

"मला नाही जमणार."

"शिकवायला की बोलायला?"

"दोन्ही," वेनपू म्हणाला, आणि पुढच्या रविवारी अर्धा तास आधीच येऊन बसला.

मग ते चालू राहिलं. पुलाच्या आत ती मास्तरीण, पुलाबाहेर तो मास्तर. तो तिला उतारे वाचायला देई. तिला ते पटत नसत.

"ह्या मेरीला दुसरं काही काम नाही का हो, मास्तर? सारखी टॉमला हवामान विचारते."

"ती सभ्यता आहे."

"आमच्या गल्लीत सभ्य माणसं विचारतात, जेवलात का."

काल केलेली गोष्ट ती आज चालू असल्यासारखी सांगे, आणि आईला कधी 'तो' म्हणे तर कधी 'ती'. "माझा आई फार कडक," असं तिनं एकदा मंडपात ठणकावून सांगितलं, तेव्हा वेनपू इतका हसला की हसण्याच्या भरात एक अख्खं इंग्रजी वाक्य बोलून गेला. मग स्वतःच दचकला.

"आता विचारा मला काहीतरी," ती इंग्रजीत म्हणाली. "सगळे विचारतात ते."

"आपण... विवाहित आहात काय?"

"नाही. आणि आपण?"

"नाही."

"का बरे?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. वेनपूनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला कोणी विचारले नाही," तो म्हणाला.

"स्त्रियांनी विचारायचे असते काय?"

"मला ठाऊक नाही. मी... नवशिका आहे."

पुलाबाहेर आल्यावर मात्र दोघांनाही बोलायला काही सुचेना. इंग्रजीत किती सोपं होतं. तिथं म्हटलेलं काही कुणाच्या अंगाला लागत नाही. चिनीत 'बरं, निघतो' म्हणतानासुद्धा त्याच्या कानाच्या पाळ्या गरम होत.

दर आठवड्याला ती एक पत्र लिहून आणी. आभाराचं, तक्रारीचं, माफीचं. परीक्षेत पत्राखाली स्वतःचं नाव घालायची बंदी असते, म्हणून ती सगळी पत्रं कुणातरी खोट्या माणसानं दुसऱ्या खोट्या माणसाला लिहिलेली असत. वेनपू ती मन लावून तपासे. एखादी चूक सापडली की त्याला बरं वाटे, कारण ती समजावताना तिच्याकडे पाहायला निमित्त मिळे.

आणि मग ते पत्र आलं. घडी घालून तिनं त्याच्या पुस्तकात ठेवलं आणि पाखरांना पाव टाकायला निघून गेली.

'प्रिय मित्रा,' इंग्रजीत लिहिलं होतं, 'पुढच्या रविवारी दुपारी आमच्या घरी जेवायला यावे. आई वाफेच्या मडक्यातली कोंबडी करणार आहे. घरी याआधी मी कोणाला बोलावलेले नाही. पुस्तक आणू नये. याल की नाही ते कळवावे.' वर पत्ता होता, आणि तो नेहमीच्या सरावपत्रांसारखा खोटा, लंडनचा नव्हता. जुन्या बाजारामागच्या गल्लीचा होता. खाली नाव होतं. तिचंच.

मुलगी घरी जेवायला बोलावते, आईच्या हातचं, याचा अर्थ त्या शहरात शेंबड्या पोरालाही कळत असे. पण वेनपूचा स्वभाव असा, की चांगली गोष्ट दारात आली तर तो आधी शेजारचं घर दाखवायचा. आमंत्रणपत्राचा धडा असेल, त्यानं स्वतःला समजावलं. पत्ता सवयीनं लिहिला असेल. नाव चुकून पडलं असेल. तुला कोण बोलावतंय? उगाच हो म्हणशील आणि ती म्हणेल, अहो मास्तर, तो सराव होता... मग तोंड कुठे लपवशील?

त्यानं लाल पेन काढलं. पत्त्यात घराचा नंबर शेवटी आला होता, तो इंग्रजी रीतीनं आधी घेतला. दोन क्रियापदं सरळ केली. तिच्या नावावर काट मारून बारीक अक्षरात लिहिलं, 'परीक्षेत नाव घालू नये.' पंधरापैकी तेरा गुण दिले.

सूयुन परत आली. उभ्याउभ्याच तिनं कागद वाचला, वरपासून खालपर्यंत.

"बस्स?" तिनं विचारलं. चिनीत. फांग गुरुजींनी बोट दाखवलं, तिकडे तिनं पाहिलंही नाही.

"काही राहिलं का?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही काहीच सोडत नाही, मास्तर."

पुलावरून ती गेली ती वळून न बघता. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

लायब्ररीत वेनपूच्या शेजारच्या टेबलावर थानताई बसत. सूर्यफुलाच्या बिया सोलत पुस्तकांची कार्डं लावणं त्यांना जमे. सूयुनच्याच गल्लीत त्या राहतात हे वेनपूला ठाऊक नव्हतं. ते एक दिवस अचानक कळलं.

"आमच्या गल्लीतल्या मूबाईंची गंमत सांगते," थानताई म्हणाल्या. "मागं एका रविवारी सबंध सकाळ कोंबडी वाफेवर ठेवली होती. दुपारी मला वाडगाभर आणून दिली. म्हणाल्या, लेकीचा पाहुणा आला नाही. लेक म्हणते येईल, येईल, आणि दाराशी उभी. कोण रे असला करंटा?"

वेनपूच्या हातातली कार्डं टेबलाखाली पसरली. ती गोळा करायला तो खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

थानताईंनी बिया सोलणं थांबवलं. टेबलाच्या कडेवरून वाकून पाहिलं. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तू होय?"

"मला वाटलं, सराव आहे."

"कोंबडीचा?"

थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच टेलिफोन उचलून त्याच्यापुढे ठेवला आणि चहाचं पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेल्या. वेनपूनं हॉटेलचा नंबर फिरवला.

"सुप्रभात," पलीकडून तोच आवाज आला. "कुठे जोडू?"

वेनपू गप्प.

"हॅलो? कोण हवंय आपल्याला?" आता चिनीत.

त्यानं टेलिफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"मास्तर?"

"कसं ओळखलंत?"

"दिवसभर लोक माझ्या कानात बोलत असतात. फोन करून गप्प बसणारे तुम्ही एकटेच."

"मी... त्या पत्राबद्दल... मला कळलं नाही की ते—"

"खरंच कळलं नाही?"

खोटं बोलायला ही जागा सोयीची होती. समोर कुणी नव्हतं. "कळलं होतं," वेनपू म्हणाला. "पण खरं वाटेना. माझ्या बाबतीत असं... होत नाही."

पलीकडे कुठलीशी घंटा वाजली. "एक मिनिट हं, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गरम पाणी मागताहेत." खटका, कुजबुज, पुन्हा खटका. "हं. परीक्षा पास झालेय मी. पत्राला चांगले गुण पडले. सण झाला की शिकायला क्वांगचौला पाठवताहेत, उन्हाळ्यापर्यंत. जायच्या आधी आईला काहीतरी सांगावं लागेल. ती विचारते, पाहुणा आजारी होता का. मी अजून हो नाही की नाही नाही म्हटलेलं."

"मग मी आता सांगतो, मी—"

"फोनवर नको," ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता, पण जागचा हलला नव्हता. "फोनवर मी दिवसभर ऐकते. कोण काय म्हणालं ते संध्याकाळी आठवतसुद्धा नाही. पत्राचं उत्तर पत्रानं द्यावं, मास्तर."

आणि म्हणून तो कोरा कागद.

पहिलं उत्तर त्यानं इंग्रजीत लिहिलं. 'आपल्या स्नेहपूर्ण निमंत्रणाबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.' एकही चूक नव्हती. मेरीनं टॉमला लिहावं तसं झालं होतं. त्यानं ते फाडलं. दुसरंही इंग्रजीतच लिहिलं, आणखी नीटस, तेही फाडलं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण अजून मंडपातच बसलो आहोत... जिथं म्हटलेलं कुणी खरं धरत नाही. त्यानं शब्दकोश मिटून खणात टाकला आणि चिनीत लिहिलं.

'सूयुन,

मी येतो. येत्या रविवारी येऊ का? आईंना पुन्हा कोंबडीच्या खटाटोपात घालू नका, तांदळाच्या शेवया चालतील. मला बोलायला फारसं येत नाही हे त्यांना आधी सांगून ठेवा. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी घाबरलो. दुसरं काही जमेना, म्हणून तपासत बसलो. तुम्ही क्वांगचौला जा. मी दर आठवड्याला पत्र लिहीन, आणि तुमच्या पत्रांत चुका असल्या तर असू देत. मला तुम्ही आवडता. ताडपत्रीखाली उभे होतो तेव्हापासून.

वेनपू.'

एकदा वाचून पाहावं असं त्याला फार वाटलं. मधलं एक वाक्य लंगडं झालं होतं, हे न वाचताही जाणवत होतं. त्यानं पाकीट चिकटवून टाकलं.

थानताई वर न बघता म्हणाल्या, "टपालवाला अकराच्या सुमाराला पेटी उघडतो. मला माहीत आहे म्हणून सांगते."

वेनपू डोक्यावर टोपीही न घालता निघाला. कोपऱ्यावरच्या हिरव्या पेटीशी टपालवाला आधीच गुडघ्यावर बसला होता. पेटीचं दार उघडं, पत्रं गोणीत पडत होती. वेनपू त्याच्यामागे पाकीट छातीशी धरून उभा राहिला. पत्रं पडून झाली, तरी उभाच.

"काय साहेब," टपालवाल्यानं मान वळवून विचारलं, "टाकायचंय, की नुसतं दाखवायला आणलंय?"

"टाकायचंय."

"मग टाका की."

वेनपूनं पाकिटावरचा पत्ता एकदा पाहिला, जुन्या बाजारामागची गल्ली, आणि हात लांब करून पाकीट गोणीत सोडलं. टपालवाल्यानं गोणीचं तोंड आवळून गाठ मारली, ती सायकलवर टाकली आणि रस्त्याला लागला.